अंगठा येत नाही

भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात धडगावातल्या माझ्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामावर गेलेली माणसं होळीला घरी येतात आणि ढोल-मांदळाच्या आधी माझ्याकडे येतात. कुणाचं रेशनचं ई-केवायसी, कुणाचा मुलीसाठी जातीचा दाखला, कुणाला अंगठ्यावर खात्यातले पैसे काढायचे. होळी पेटली की पुन्हा गाडी धरायची, म्हणून सरकारशी असलेलं वर्षभराचं काम याच गर्दीत उरकायचं. नेमकी तेव्हाच रेंज जाते.

एक आजी आल्या होत्या, नर्मदाकाठच्या पाड्यावरून. बोट यंत्रावर ठेवलं, लाल दिवा. पुसून ठेवलं, पुन्हा लाल. जन्मभर दगड, गवत आणि विळा हाताळलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. आम्हा केंद्रवाल्यांची एक युक्ती असते: "आजी, बोट केसांतून फिरवा." तेल लागलं की कधीकधी ठसा उमटतो. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला आणि रांगेतली सगळी माणसं हसली. पैसे निघाले.

पण आजींचं खरं काम वेगळंच होतं. त्यांना श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायचा होता. वय 65 हवं. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आणि वय 52. सोबत आलेला मुलगाच पन्नाशीकडे झुकलेला! नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजाने साल टाकलं असणार. आमच्याकडे अर्धा पाडा 1 जानेवारीला जन्मलेला आहे. जन्मतारीख दुरुस्त करायला पुरावा हवा आणि ती दुरुस्ती आयुष्यात एकदाच होते. पाड्यावर जन्मलेल्या बाईचा जन्माचा दाखला आणायचा कुठून? ज्या कार्यालयात अर्ज नेला तिथल्या साहेबांनी आजींकडे पाहिलं, मग कागदाकडे. "मला दिसतंय हो भाऊ, पण सिस्टिम घेत नाही."

हे आमच्या नंदुरबार जिल्ह्यात घडावं! 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार शहादा तालुक्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. ज्याच्याकडे एकही कागद नाही, त्याला ओळख मिळावी हा त्यामागचा एक विचार होता. आज तीच ओळख दुसरा कागद मागते.

पूर्वी सगळं छान होतं असं मात्र मी म्हणणार नाही. माणसं सुरतेकडे गेलेली असायची आणि इकडे रजिस्टरात त्यांच्या नावापुढे अंगठे उठलेले असायचे. तलाठी आप्पा भेटले तर काम, नाहीतर पुढच्या बाजाराला पुन्हा डोंगर उतरा. आता तीच माणसं आपल्या कार्डावर गुजरातेत धान्य उचलतात. ऑगस्ट 2019 मध्ये एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात रेशन देणं पहिल्यांदा जिथे सुरू झालं, त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. आमच्यासारख्या स्थलांतराच्या तालुक्याला याहून मोठी सोय दुसरी नाही.

म्हणून माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. इंटरनेटचं जाळं आलं तशी खालच्या माणसाची चोरी करण्याची ताकद गेली, हे उत्तम झालं. पण त्याच फटक्यात चूक दुरुस्त करण्याची ताकदही गेली. आजींचं वय तलाठ्याला, सरपंचाला, आशाताईला, सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यांतल्या एकालाही ते लिहिता येत नाही. अंगठा उमटला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नका, असं केंद्र सरकारने 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. वयाच्या बाबतीत असा दरवाजा मला कुणी दाखवलेला नाही.

खरं तर तसा दरवाजा आपल्याच दुसऱ्या एका कायद्यात आहे. वनहक्काच्या दाव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून धरला जातो. दुसऱ्या पुराव्याच्या जोडीने त्या जबाबावर जमिनीचा दावा उभा राहतो. मग ग्रामसभेचा ठराव आणि तहसीलदारांची सही एवढ्यावर आधारवरची जन्मतारीख बदलण्याची सोय धडगाव-अक्कलकुव्यापुरती तरी करा. आजींचा अर्ज अजून माझ्या फाइलीत आहे. सोय झाली तर त्याच दिवशी भरतो.