मंडळी

मराठी भाषेत ‘मंडळी’ या शब्दाइतका सोशिक शब्द क्वचितच दुसरा असेल. सभेतील वक्ता श्रोत्यांस ‘मंडळी’ म्हणतो. लग्नघरी व्याह्यांकडील ‘मंडळी’ उतरते. आणि जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचे नाव घेण्याचा प्रसंग ‘आमची मंडळी’ असे म्हणून टाळतो. या शेवटच्या अर्थामुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. मी पुण्यास शिक्षक असताना माझे एक सहकारी ख्रिस्ती होते. आमची ओळख नवी होती. ते एके दिवशी सहज म्हणाले, “यंदा आमच्या मंडळीला शंभर वर्षे पुरी झाली.” मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो, व मग त्या माउलीच्या प्रकृतीची अत्यंत आदराने चौकशी केली!

हसणे ओसरल्यावर त्यांनी मला समजावून सांगितले की, मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे उपासनेस जमणारा समुदाय. दगडविटांची असते ती चर्चची इमारत. तिच्यात बसणारी माणसे ती मंडळी. या शब्दाचा मला हेवा वाटला खरा, पण तो कबूल करण्याइतका मोठेपणा माझ्या अंगी नव्हता. मी म्हणालो, “आमच्याकडे असले काही नाही. आमचा माणूस एकटा देवळात जातो, घंटा वाजवितो, प्रदक्षिणा घालतो आणि एकटाच घरी येतो. आम्हांला देव आहे, देऊळ आहे. मंडळीची गरज नाही.” त्यावर ते हसून म्हणाले, “असे कसे म्हणता? आमच्या मंडळीला गायला तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्याने शिकविले.” त्यांचा रोख रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे होता. टिळकांचा जन्म १८६१ साली याच जिल्ह्यातील करजगावी झाला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन-कीर्तनाला मानाची जागा मिळवून दिली. मी विषय बदलला. परंतु माझे ते विधान किती पोकळ होते, हे मला पुढे २०२० साली कळले. आणि तेही अशा रीतीने कळले की, ते सांगताना आजही मान थोडी खाली जाते.

निवृत्तीनंतर मी वृद्ध आईसह वेळणेश्वरास येऊन राहिलो होतो. गुहागर तालुक्यातील हे गाव पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, त्याच्या काठाने माडांची दाटी, आणि माडांच्या आडोशाला श्रीवेळणेश्वराचे देऊळ. वेळणकर, गाडगीळ इत्यादी घराण्यांचे हे कुलदैवत असल्यामुळे दूरदूरची माणसे येथे वर्षातून एकदा तरी माथा टेकावयास येतात. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे समुद्राची मर्यादा, किनारा. गावाच्या नावाची व्युत्पत्ती पंडित काय लावतील ती लावोत. मला मात्र भरतीच्या वेळी देवळाच्या पायरीवर बसले की, हा देव समुद्राला ‘येथवरच’ असे बजावीत बसला आहे, असे वाटते.

त्या पायरीवर रोज संध्याकाळी आम्ही पाचसहा जण बसत असू. बोलणे फारसे होत नसे. कोणाची गाय आटली, कोणाच्या मुलाचे पत्र आले, सुपारीला भाव काय, एवढाच मजकूर. तीन वर्षे त्या माणसांशेजारी बसूनही त्यांच्यापैकी दोघांची आडनावेच तेवढी मला ठाऊक होती. मी देवदर्शनाला जातो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

२०२० सालची महाशिवरात्र २१ फेब्रुवारीला झाली. नेहमीसारखी यात्रा भरली, नेहमीसारखी गर्दी झाली. पुढे महिन्याभरात सारे बदलले. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रोगी आढळले. प्लेगच्या दिवसांतील १८९७ चा साथरोगाचा कायदा सरकारने पुन्हा हाती घेतला. आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, सारा देश घरात बसला. देवळे, मशिदी, चर्च यांची दारे भाविकांस बंद झाली. देवाची नित्यपूजा तेवढी चालू राहिली. पहाटे एकच घंटा ऐकू येई, आणि मग दिवसभर समुद्र.

त्या दिवसांत पुण्याहून मित्राचा फोन येत असे. त्यांच्या मंडळीचा उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार घरच्या घरी झाला होता. पाळक रिकाम्या चर्चमध्ये उभे राहून उपदेश करीत आणि मंडळी तो मोबाईलवर ऐकत. “उपदेश तारेवरून येतो,” ते म्हणाले, “प्रार्थनाही येते. पण प्रभुभोजनाची भाकर काही तारेवरून येत नाही. आणि गाणे तर मुळीच नाही. प्रत्येक जण आपापल्या घरी गातो, पण शेजारच्याचा बेसूर ऐकल्याशिवाय आपला सूर लागत नाही, हे आताच कळले.” मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. पाळकांनी साऱ्या कुटुंबांची यादी करून ती वाटून दिली होती. मित्राच्या वाट्याला सात घरे आली. दर शनिवारी त्या सात घरी फोन करावयाचा. जेवण-औषध आहे की नाही ते विचारावयाचे, वहीत टिपावयाचे आणि उणे असेल ते पोहोचवावयाचे. “यांतल्या तीन घरांशी मी वीस वर्षांत धड बोललो नव्हतो,” ते म्हणाले. त्याच सुमारास, २७ मार्चच्या संध्याकाळी, रोमच्या प्रचंड चौकात पावसात एकटे उभे राहून प्रार्थना करणारे पोप फ्रान्सिस जगाने पाहिले होते. पुढे आषाढीला संतांच्या पादुका पायी न जाता बसमधून पंढरपुरास गेल्या. चौक एवढा मोठा आणि वाट एवढी लांब कशासाठी होती, हे ती रिकामी दिसल्यावर लोकांस उमगले.

आता माझी गोष्ट. मे महिन्यात मुंबईहून लोक गावोगावी परतू लागले. कोकणात मुंबई आणि गाव ही दोन ठिकाणे नव्हेतच. एकाच घराच्या त्या दोन खोल्या आहेत. देवळाचा उत्सव असो की घराचे कौल बदलणे असो, पैसा मुंबईचा आणि हात गावचे, हा येथील जुना संसार. परंतु भीतीने माणसाची बुद्धी फिरते. गावकऱ्यांची बैठक झाली, आणि चार बुके शिकलेला म्हणून मला बोलावयास सांगितले. मी बोललो, आणि दुर्दैवाने चांगले बोललो. १८९६ च्या प्लेगात मुंबईतून पळालेल्या लोकांबरोबर रोग कसा पसरला, १९१८ च्या तापात काय झाले, हे सारे दाखले मी दिले, आणि शेवटी म्हणालो, “मुंबईच्या माणसाने सध्या मुंबईतच राहावे, यातच त्याचे व गावाचे हित आहे.” सर्वांनी माना डोलविल्या. माझी माहिती खरी होती. तिचा उपयोग मी कशासाठी करीत होतो, एवढेच मी पाहिले नव्हते.

तिसऱ्या रात्री धाकट्या भावाचा फोन आला. त्यांच्या चाळीत रोगी निघाले होते. एका खोलीत तो, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. शौचकूप मजल्याला एक. “दादा, परवाना मिळतोय. येऊ का?” मी त्याला बैठकीतला ठराव सांगितला. तो क्षणभर गप्प राहिला आणि “बरं दादा,” म्हणून त्याने फोन ठेवला.

आई अंधारात जागीच होती. ती म्हणाली, “गणपतीत पाट त्याच्या हातून मांडून घेतोस, तेव्हा तो मुंबईचा नसतो का रे?” मी काहीतरी शास्त्रीय उत्तर दिले. तिने पाठ फिरविली.

सकाळी तिने गडग्यावरून शेजारणीला सर्व हकीकत सांगितली. तासाभराने शेजारी आले. हे आमच्या संध्याकाळच्या पायरीवरचे एक. स्वतःची आंब्याची बाग असलेले, अत्यंत मितभाषी गृहस्थ. त्या वर्षी आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात पोहोचविताना बागायतदारांच्या नाकी नऊ आले होते. त्यांचेही नुकसान झालेच होते. ते अंगणात दूर उभे राहून म्हणाले, “मास्तर, आंबा उतरला. राखण्या घरी गेला. बागेतली खोपी रिकामी आहे. भावाला येऊ दे. चौदा दिवस तिथे राहतील, जेवण आमच्याकडून जाईल.” मी म्हटले, “पण बैठकीत तर तुम्हीही...” ते म्हणाले, “सभेतलं सभेत झालं. हे घरचं आहे.” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले.

२४ मेला भाऊ आला. घरापासून हाकेच्या अंतरावर तो खोपीत राहिला आणि आम्ही गडग्याच्या अलीकडून त्याला पाहत राहिलो. जेवणाचा डबा शेजारीण एका दगडावर ठेवी. पुढे मला असे आढळले की, सगळे डबे तिचे नसत. एके दिवशी भाकरी एका घरची, तर दुसऱ्या दिवशी कुळथाचे पिठले दुसऱ्याच घरचे. माझ्या भाषणाला माना डोलविणारेच हे सर्व जण होते. कोणी कोणास काही सांगितले नव्हते. यादी नव्हती, वही नव्हती.

३ जूनला निसर्ग वादळ आले. त्याचा मुख्य तडाखा श्रीवर्धनाच्या बाजूला बसला; आमच्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडच्या बागा झोपल्या. आमच्या भागावर त्या मानाने कृपाच झाली; पण झापांच्या छपराला कृपेचा वारादेखील सोसत नाही. सकाळी खोपीचे अर्धे छप्पर उडाल्याचे दिसले. मी डोक्यावर पोते घेऊन निघालो, हे खरे. परंतु शेजारी आणि आणखी दोघे माझ्या आधी निघाले होते, हेही खरे. मी बागेच्या बांधाशी पोहोचतो तो माझी पुतणी शेजाऱ्यांच्या खांद्यावर बसून समोरून येत होती. तिच्या छातीशी दप्तर घट्ट धरलेले होते. चौदा दिवसांना अद्याप चार दिवस उणे होते. ते कोणी मोजले नाहीत. त्यांनी मुलीला आमच्या पडवीत उतरविले, भिजलेल्या टॉवेलाने स्वतःचे तोंड पुन्हा झाकून घेतले, आणि “मास्तर, चूल पेटवा,” एवढेच म्हणाले.

सुदैवाने कोणी आजारी पडले नाही. पडले असते तर मी हा लेख कोणत्या सुरात लिहिला असता, ते सांगवत नाही. नियम निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. पुण्यास मित्राच्या सात घरांपैकी दोन घरी त्या वर्षी मृत्यू आला. खोपीतले चौदा दिवस हाही नियमच होता. परंतु तो पाळताना कोणाच्या घरून भाकरी येईल, याचा विचार शेजाऱ्यांनी केला होता आणि मी केला नव्हता.

गणेशचतुर्थी त्या वर्षी २२ ऑगस्टला आली. चाकरमान्यांनी १२ तारखेच्या आत पोहोचून दहा दिवस विलग राहावे, असा सरकारी हुकूम होता. आरतीला घरोघर जाण्याची सोय नव्हती. तेव्हा संध्याकाळी प्रत्येकाने आपापल्या अंगणातून आरती म्हणावी असे आपोआप ठरले. आवाजाला पोहोचावयास वेळ लागतो, म्हणून दूरचे घर नेहमी थोडे मागे राही. आमचे कडवे संपले तरी वाडीच्या टोकाचे चालूच असे. त्या ओढाताणीत मला मित्राच्या बेसुराची आठवण झाली. त्या वर्षी पाट भावानेच मांडला. मी त्याला विचारले नाही आणि त्याने मला काही ऐकविले नाही. आई मात्र उभी राहून पाहत होती.

सप्टेंबरात पायरीवरील सर्वांत वृद्ध गृहस्थ वार्धक्याने वारले. अंत्ययात्रेला वीसच माणसांची परवानगी होती. बाकीचा गाव आपापल्या गडग्याशी उभा राहिला, आणि वाटेवरच्या एकेका घरापुढून ते शांतपणे गेले.

१६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. आम्ही संध्याकाळी पायरीवर आलो. अंतर राखून बसावयाचे असल्यामुळे पायरी अपुरी पडत होती, आणि एक जागा तर कायमचीच मोकळी झाली होती. मी मनाशी चार वाक्ये जुळवून आणली होती. इतकी वर्षे मुलांस क्षमा मागावयास शिकविले, तेव्हा स्वतःची मागता येईल, असा भरवसा होता. परंतु शेजारी थोडे सरकले, हाताने जागा झाडली आणि म्हणाले, “बसा मास्तर. सुपारी यंदा बरी आहे.” मी बसलो. ती चार वाक्ये अजून माझ्याजवळच आहेत.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये देवळे पुन्हा मिटली, ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. मधल्या मे महिन्यात तौक्ते वादळही किनाऱ्याने गेले. त्या खेपेस खोपीचे छप्पर आधीच पत्र्याचे झाले होते, आणि मला कोणी भाषण करावयास सांगितले नाही.

पहिल्या वर्षीच्या नाताळात मित्राचे पत्र आले. त्यांच्याकडे मोजक्या माणसांची उपासना झाली होती. कित्येक महिन्यांनी त्यांनी शेजारच्या बाकावरचा बेसूर ऐकला होता. शेवटी त्यांनी, माझी जुनी फजिती आठवून असेल, मुद्दाम विचारले होते : “तुमची मंडळी कशी आहे?” माझी पत्नी वारल्यास दहा वर्षे झाली, हे त्यांना ठाऊक आहे. मी उलट टपाली लिहिले, “मंडळी बरी आहे. एक गेले, बाकी सर्व रोज संध्याकाळी भेटतात.”