भैरूचा बहिरी

नगरला येणारा पाहुणा आधी किल्ल्यातल्या नेहरूंच्या खोलीची चौकशी करतो, मग डोंगरावर चांदबिबीचा महाल पाहायला जातो (ती वास्तविक सलाबतखानाची कबर आहे, पण हे सांगून कोणाचा हिरमोड करावा?) आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. दिल्ली दरवाजाबाहेर सीनेच्या बाजूला बागरोजा आहे. तिकडे त्याला कोणी नेत नाही. काळ्या दगडाच्या त्या घुमटाखाली १४९० साली बहामन्यांपासून वेगळा झालेला आणि १४९४ त हे शहर वसवणारा मलिक अहमद चिरनिद्रा घेत आहे. त्याचे नाव शहराने पाच शतके वागवले. २०२४ साली शहर व जिल्हा अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. एस. टी.त मात्र तिकीट अजून 'एक नगर' म्हणूनच मागतात.

मराठी शिकवणाऱ्याचे लक्ष इमारतीपेक्षा नावाकडे आधी जाते. 'निजामशहा' हा झाला किताब. या घराण्याला आपल्या अर्थाने आडनाव म्हणावे असे काही असेल तर ते 'बहिरी'. कोणी ते 'बहरी' लिहितो, कोणी 'भैरी'. आपल्याकडे बहिरी ससाणा सर्वांच्या ओळखीचा. फारसीतही बहरी म्हणजे शिकारी ससाणाच. तेव्हा अहमदचा बाप मलिक हसन याच्याकडे बहामनी दरबारचे ससाणे सांभाळण्याचे काम होते, म्हणून तो बहिरी, अशी एक उपपत्ती सांगतात. पोत्याचा पोतदार, मशालीचा मशालजी, तसाच ससाण्याचा बहिरी! धंद्यावरून पडलेले साधे सरळ आडनाव.

पण इतिहासकार फिरिश्ता निराळेच सांगतो. तो बालपणी नगरच्याच दरबारात वाढला आणि १५८९ त विजापूरला गेला. त्याच्या सांगण्याप्रमाणे हसन हा मूळचा तिमाप्पा, भैरू नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा. विजयानगरच्या मुलखातून लहानपणीच पकडून आणलेला आणि बहामनी राजपुत्राच्या सोबतीला दिलेला. राजपुत्राला 'भैरू' म्हणता येईना, तो 'बहरी' म्हणू लागला, आणि तेच चिकटले.

ही कथा ऐकून पुष्कळजण हसतात. मला ती भाषेच्या दृष्टीने अगदी सरळ वाटते. फारसी लिपीत 'भ'ला स्वतंत्र अक्षर नाही. 'ब'पुढे 'ह' मांडावा लागतो. भैरू कागदावर उतरताच अर्धा बहिरी झालाच! आणि परकीय जिभेला दोष तरी का द्यावा? आपल्या खेड्यापाड्यांत भैरवाचा बहिरोबा कोणी केला? याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात बहिरोबावाडी आहे. तिथल्या माणसाला भैरव म्हणता येत नव्हता असे नव्हे. महाप्राण पुढे सरकवणे ही मराठी जिभेची जुनी खोडच आहे. राजपुत्राने केले ते एवढेच. ससाणा पुढे आयता येऊन त्या नावावर बसला असावा. कानाला ओळखीचा शब्द, शिवाय दरबारी रुबाब! भैरूपेक्षा ससाणा कोणत्या सरदाराला आवडणार नाही?

फिरिश्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे मात्र नाही. 'बहामनी' नावासाठीही त्याने गंगू ब्राह्मणाची गोष्ट दिली आहे, आणि ती आजचे अभ्यासक मानत नाहीत. उलट बाजूला नगरदरबारचा बखरकार सय्यद अली तबातबा. तो अहमदला थेट बहामनी राजरक्ताचा ठरवतो. पण तो धन्याचे मीठ खात होता, आणि धन्याला कुलकर्ण्याचा नातू ठरवून कोणत्या बखरकाराला बिदागी मिळते?

माझे मन फिरिश्त्याकडे झुकते ते पाथरीमुळे. भैरूचे पूर्वज गोदाकाठच्या पाथरीचे कुलकर्णी; काही कारणाने ते विजयानगरकडे गेले होते. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने तिच्या मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहाने तो नाकारला. तेव्हा १५१८ साली चढाई करून बुऱ्हाणने पाथरी घेतली. ती त्याने आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिली, असे फिरिश्ता लिहितो. सुलतानाने एका वतनाच्या गावासाठी एवढा हट्ट धरावा, याला राजकारणाचीही कारणे असतील. पण नाते हे कारण नव्हतेच असे मला म्हणवत नाही.

वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग निजामशहांचे खरे आडनाव कुलकर्णीच ना?" मी म्हटले, तेही धंद्याचेच, कुळांचा हिशेब लिहिणाऱ्याचे. हजेरीपटावर माझ्या त्या वर्षीच्या वर्गात दोन कुलकर्णी होते आणि एक कुळकर्णी. तिसऱ्याने लगेच हात वर केला: त्याच्या घरी 'ळ'च लिहितात, आणि तेच बरोबर आहे.