पडलेल्या लोंब्या

नागभीडकडे आमच्या बांधीत धान पिकला, कापणी तोंडावर आली आणि लष्करी अळी शिरली. दिवसा ती बुंध्याशी, जमिनीच्या भेगांत दडून असते. रात्री वर चढून लोंबी कुरतडते. पोटात जातं थोडं, खाली पडतं फार. भुकेपोटी खाल्लं असतं तर समजून घेता आलं असतं. हे पाडणं मात्र मनातून जात नाही.

धुऱ्यावर बसून मी पडलेली एक लोंबी बराच वेळ पाहत राहिलो. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवले. 1983 मध्ये त्यांनी शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, वेगळ्या जपल्या. त्यातून एचएमटी हा धानाचा वाण आला. किती नाजूक गोष्टीवर सगळं उभं असतं!

बांधीत पाणी भरून पिकावरून दोर ओढला की अळ्या गळतात, हे ठाऊक आहे. पण आता पाणी भरलं तर कापणी लांबते. भाऊजी फवारा म्हणतात. इतक्या उशिरा मारलेलं औषध दाण्यात उरेल, आणि हाच तांदूळ घरी शिजणार. लवकर कापावं, तर मजूर मिळत नाहीत. संध्याकाळी पुन्हा टोळीवाल्याकडे जायचं आहे.