तापणारा संगणक

संगणकाविषयी लिहिण्याचा अधिकार मराठीच्या प्राध्यापिकेला कितपत, असे आमच्या विभागात कोणीही सहज विचारील. अधिकार नाहीच. पण गेल्या एप्रिलमधले पंधरा दिवस मी एका जुन्या यंत्राच्या उशाशी बसून काढले, आणि त्या यंत्राच्या पोटात माझ्या आईच्या ओव्या होत्या. म्हणून हे लिहिणे.

२००५ च्या उन्हाळ्यात, एम. ए. होऊन नुकतीच नोकरीला लागले असताना, मी पहिल्या पगारांतून संगणक घेतला आणि आईला ओव्या सांगायला बसवले. तोवर दळण गिरणीत जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. तरी जात्याच्या खुंट्याला हात लावल्याशिवाय तिला ओवी आठवत नसे. रिकामे जाते फिरवीत ती सांगे, मी वहीत उतरवून घेई आणि अकोल्याला परतल्यावर संगणकावर टंकित करी. वही पुढे घर बदलताना गहाळ झाली. आई २०१६ साली गेली. उरल्या त्या फाईली, युनिकोडपूर्व काळातल्या एका मराठी फाँटमध्ये. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर त्या उघडल्या की पडद्यावर चिन्हांचे कडबोळे उमटते. त्या वाचणारी प्रणाली फक्त याच यंत्रावर चालते, कारण तिचे कुलूप म्हणजे प्रिंटरच्या खोबणीत मागून बसवलेला एक ठोकळा आहे. रूपांतर करून देणारी साधने मिळतात, हे मला ठाऊक आहे. मी ती वापरून पाहिली; रफार आणि जोडाक्षरे ढासळतात. प्रमाण मराठीतला बिघडलेला शब्द अंदाजाने सुधारता येतो. पण 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणणाऱ्या बाईच्या ओवीत यंत्राची चूक कोणती आणि तिचा उच्चार कोणता, हे कशावरून ठरवायचे? मूळ पडद्यावर वाचत वाचत हाताने उतरवून घेणे, हाच मार्ग होता. तो मी वीस वर्षे उद्यावर ढकलला.

शेवटी एप्रिलमध्ये बसले, तर यंत्र बसू देईना. आधी ते मंदावले. टंकलेले अक्षर पडद्यावर पोचायला वेळ लागू लागला. मग बारा-पंधरा मिनिटांत सारे एकदम काळे. मी दोष विजेला दिला. यूपीएसची बॅटरी बदलली. काही फरक नाही. दुकानातला तरुण पेटी न उघडताच म्हणाला, "मॅडम, प्रोसेसर गेला. ह्याचे पार्ट आता कुठं मिळतात? भंगारात द्या."

त्या रात्री पुण्याला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. बी. ए. ला मराठी घेतलेला हा मुलगा संगणकदुरुस्तीत रमला आहे. तो हसून म्हणाला, "मॅडम, गेलेला प्रोसेसर बारा मिनिटं तरी कशाला चालेल? तो तापतोय. आधी बायोसमध्ये तापमान बघा." बायोसचा निळा पडदा उघडला. ६८, ७५, ८३. आकडे डोळ्यांदेखत चढत होते. नव्वदी ओलांडली आणि अंधार.

मग त्याने जे समजावले, ते ऐकून मी ओशाळले. हा पेंटियम ४ जातीचा प्रोसेसर नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून ८० हून अधिक वॅट उष्णता बाहेर टाकतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो आधी स्वतःची गती कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर जळण्याऐवजी बंद होतो. म्हणजे ज्याला मी बिघाड समजत होते, ते यंत्राचे आत्मरक्षण होते. (याच घराण्यातल्या पुढच्या प्रोसेसरचे सांकेतिक नाव 'तेजस' होते. मे २००४ मध्ये तो रद्द झाला, आणि वाढत्या गतीबरोबर वाढणारी उष्णता हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. इतके अन्वर्थक नाव आमच्या नाटककारांनाही क्वचितच सुचते!)

दुसऱ्या दिवशी वीजजोडणी काढून पेटी उघडली. या पेटीलाच आपण 'सीपीयू' म्हणतो. वस्तुतः तो प्रोसेसर म्हणजे आतला एक चौकोन. लक्षणेचे असे उदाहरण घरात असून मी ते वर्गात कधी दिले नव्हते. चौकोन दिसला नाही. दिसला तो पंखा, आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांवर बसलेला धुळीचा थर, जुन्या गादीतल्या कापसासारखा दाट. हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती. त्यात अकोल्याचा उन्हाळा. खोलीच चाळिशीला टेकलेली.

पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. चार कोपऱ्यांवरच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या फिरवून हीटसिंक उचलला. त्याच्या तळाशी आणि प्रोसेसरच्या झाकणावर सुकून तडकलेली करडी पपडी होती. ही थर्मल पेस्ट. दोन्ही धातू डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा राहतात आणि खाचांत हवा. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगले उष्णतावाहक. त्यामुळे तेवढीशी हवाही आड येते. पेस्टने ती जागा भरायची असते. वीस वर्षांत ती वाळून गेली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली, हीटसिंक दाबून बसवला.

संगणक सुरू केला, तर मिनिटभरात आकडा पूर्वीपेक्षाही वेगाने चढला. मी घाबरून बटण दाबले. "चारही खटके ऐकू आले होते का, मॅडम?" फोनवरून प्रश्न आला. तीनच आले होते. हीटसिंक एका कोपऱ्यात डुलत होता. चौथी खुंटी भोकात शिरलीच नव्हती. पुन्हा सारे पुसले, पुन्हा पेस्ट, आणि या वेळी समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या. चौथा खटका वाजला तेव्हा मी एकटीच मोठ्याने "आला!" म्हणाले.

आता तापमान ५५ च्या आसपास राहते. तरी दुपारी मी त्याला त्रास देत नाही. रात्री अकरानंतर जुना पडदा डावीकडे, लॅपटॉप उजवीकडे, असे बसून एकेक ओवी मोठ्याने म्हणून उतरवते. मोठ्याने, कारण तिचे 'न' आणि 'य' माझ्या हातून नकळत 'ण' आणि 'ळ' होऊ पाहतात. परवा एकशे सदतिसाव्या ओवीपाशी थांबले. तिथल्या एका शब्दापुढे मीच कंसात लिहून ठेवले आहे : 'आईला विचारणे'. तो कंस तसाच नव्या फाईलमध्ये उतरवला.