छताखालचा निनाद

मोटारीत बसलेला मनुष्य पावसाच्या आवाजाची म्हणून जी तक्रार करतो, तो आवाज वस्तुतः पावसाचा नसतोच. थेंब आदळून, फुटून, ओघळून केव्हाच मोकळा होतो, आणि त्याच्या आघाताने चाळवलेला जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा मात्र आपल्या अंगच्या स्वभावाने कंप पावत राहतो. सावंतवाडीच्या माझ्या कारखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे मी आजवर मोठ्या अधिकारवाणीने सांगत आलो. वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा आंबोलीचा घाट उशाशी असल्यामुळे परीक्षेसाठी मला दूर जावे लागत नाही. घाटातल्या झाडांखाली तर उघड्या रस्त्यापेक्षा आवाज अधिक होतो, कारण पानांवर गोळा होऊन निसटणारा थेंब आभाळातल्या बहुतेक थेंबांहून आकाराने थोर असतो.

माझ्या हाताखालून गेलेल्या लहान मोटारींत, १९८३ साली अवतरलेल्या मारुती ८०० चे स्मरण मी आजही कृतज्ञतेने करतो. सुमारे साडेसहाशे किलो वजनाच्या त्या गाडीचा हलकेपणा हाच तिचा गुण, आणि त्याच हलकेपणामुळे तिचे छत मुसळधार पावसात घुमे. अस्तर उतरवून उघड्या पत्र्यावर बोटाचे पेर मारावे, ‘ठण्ण’ असा लांबणारा नाद कुठे आहे ते हेरावे, आणि तेवढ्याच जागी ब्यूटाइलची ॲल्युमिनियमचा पदर असलेली पट्टी रोलरने घट्ट दाबावी, म्हणजे वाजत्या परातीवर तळहात टेकवावा तसा तो नाद जागीच निमतो. पत्रा वाकू पाहतो, वरचा ॲल्युमिनियमचा पदर त्याला साथ देत नाही, आणि दोहोंच्या ओढाताणीत मधल्या चिकट रबराच्या अंगात कंपनाची उष्णता होऊन जाते. तिसरा हिस्सा छत झाकले तरी पुष्कळ होते. आजकाल महामार्गालगतच्या झगमगीत दुकानांतून सबंध छताला रुपेरी मुलामा चढवून त्याचे छायाचित्र गिऱ्हाइकाच्या हाती ठेवण्याचा जो दस्तुर पडला आहे, त्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. गाडीच्या माथ्यावर नाहक वजन लादणे हे कसब नव्हे. ब्यूटाइलच्या भावात डांबरी पट्ट्या विकणाऱ्यांविषयी तर बोलूच नये. वैशाखाच्या उन्हात त्या पट्ट्या सुटून अस्तरावर लोंबतात आणि गाडीभर डांबराचा दर्प कोंडतो.

परंतु या साऱ्या व्यवसायात ज्या एका बाबीने माझी झोप उडवली, ती पत्र्याची नव्हे, पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांची. छताला आधार देणाऱ्या या पट्ट्यांना पत्रा थेट चिकटवलेला नसतो. मध्ये जागोजाग मऊ लुकणाचे ठिपके असतात, आणि ते वर्षानुवर्षांच्या उन्हाने वाळून आक्रसले की पट्टी आणि पत्रा यांत केसाएवढी फट पडते. त्या फटीत पत्रा थेंबागणिक पट्टीवर आपटतो आणि एक बारीक, कोरडी किणकिण उमटते, जिच्यापुढे ब्यूटाइलचे काही चालत नाही. फट भरावी तरी कशाने? कडक होणारा भराव सुकताना आकसून पत्र्याला आत ओढतो, आणि सायंकाळच्या तिरप्या उन्हात छतावर बाहेरून खळी दिसते. अतिमऊ भराव उन्हाळ्यात ओघळून फट पुन्हा मोकळी करतो. दोन्ही अंगांना स्पर्श करील परंतु कोणालाही ओढणार नाही, असा न आकसणारा लवचीक भराव, तोही पत्रा वर न उचलता भरणे, एवढ्याच गोष्टीचा ध्यास मी हयातभर घेतला. पत्र्यावर टिचकी मारून फट कुठे संपते हे केसागणिक सांगणारा माझ्यासारखा कान जिल्ह्यात दुसरा नाही, हा अभिमान मी उघडपणे मिरवला. इतर कारागिरांनी शंकेची गाडी माझ्याकडे पाठवावी, आणि त्यांच्या देखत मी डोळे मिटून ती जागा दाखवावी, यात मला मजुरीहून अधिक सुख होते.

तो कान आता राहिला नाही. वयोमानाने वरच्या पट्टीतले स्वर आधी मावळतात, आणि ती किणकिण नेमकी वरच्या पट्टीतली. गेल्या पावसाळ्यात एक छत मी निःशंक मनाने उत्तम म्हणून पसंत केले, तेव्हा मागच्या बाकावर बसलेली, माझ्याकडे काम शिकणारी पुतणी हलकेच म्हणाली, “काका, पुढे अजून वाजता हा.” मला पूर्ण शांतता ऐकू येत होती. तिने पुढच्या पट्टीवर बोट ठेवले. अस्तर उतरवून पाहिले, तर फट तिथेच होती. त्या क्षणी तिच्याविषयी वाटलेल्या कौतुकाआधी मत्सराची एक कळ माझ्या काळजात उठून गेली, हे मी लपवीत नाही.

आता पट्टीवर बोट टेकवून कंप चाचपण्याचा अभ्यास मी करतो आहे. परंतु ओल्या पत्र्याचा सर्वांगीण थरार आणि फटीतला तो एकांडा आघात यांतला भेद बोटाला अद्याप नीट उमगत नाही. भराव मीच भरतो, कारण मनगटाचा दाब अजून शाबूत आहे. कुठे थांबायचे, ते मात्र पुतणी सांगते. तिचे म्हणणे असे, की पट्ट्या शांत झाल्यावर उरणारा आवाज छताचा नसून पुढच्या काचेचा आहे, आणि काचेच्या कडेच्या रबराकडे आपण आजवर लक्षच दिलेले नाही. माझे मत निराळे आहे. आमचा हा वाद अजून चालू आहे.