काडतुसाचे वंगण

तोंडाकडून ठासायच्या रायफलीची जुनी अडचण अशी की, गोळी घट्ट नसेल तर ती नळीतल्या आट्यांत फिरत नाही आणि घट्ट असेल तर गजाने ठासता ठासता शिपाई दमतो. फ्रेंच कॅप्टन मिनिए याने १८४९ मध्ये त्यावर तोड काढली. गोळी नळीपेक्षा जराशी बारीक आणि बुडाशी पोकळ. बार उडाला की दाबाने फुगून ती आट्यांत रुतते. १८५३ ची ब्रिटिश एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावर चाले. नळी ०.५७७ इंचांची, गोळी ०.५६८ ची.

फुगण्यासाठी शिसे मऊ, म्हणजे शुद्ध लागते. कथील घातले की साचा कोपऱ्यांपर्यंत भरतो, पण गोळी कडक होते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ते काही अवघड नाही. कौशल्य साच्याच्या उष्णतेत आहे. थंड साच्यातून गोळी सुरकुतलेली निघते, अति तापलेल्या साच्यातून पांढुरकी, खरखरीत. आत अडकलेला बुडबुडा मात्र डोळ्यांना दिसत नाही. तराजूत गोळी हलकी भरली की कळतो. अशी गोळी हवेत डगमगते. इंग्लंडातल्या वूलिचच्या कारखान्यात शिसे यंत्रात दाबून गोळ्या काढू लागले, त्यात ही पोकळी राहत नाही.

काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. ती काजळी सुकून कडक झाली की पुढची गोळी अडते. वंगण तिला मऊ ठेवते, म्हणून कागदी काडतुसाची गोळीकडची बाजू चरबी व मेणात बुडवत.

इथेच १८५७ च्या उठावाविषयीचा गोंधळ सुरू होतो. शिपाई दाताने तोडत तो दारूकडचा शेपटा. वंगण दुसऱ्या टोकाला. पाठ्यपुस्तके हा फरक सांगत नाहीत. तो सांगणारे काही जण मात्र लगेच शिपायांना भोळसट ठरवतात, तेही चूक. चरबी उन्हाळ्यात पातळ होऊन कागदात पसरते, बोटांना लागते. शिवाय ती कोणत्या जनावराची, गाईची की डुकराची, हे ठेकेदाराला विचारलेच नव्हते, असे चौकशीत निघाले. डमडमच्या शिपायांनी जानेवारीतच मेण आणि तेल सुचवले होते. रसायनाच्या बाजूनेही ते बरोबरच होते: मधमाशांचे मेण साधारण ६२ अंशांपर्यंत घट्ट राहते, चरबी त्याच्या कितीतरी आधी वितळते. स्वतःचे वंगण लावायची परवानगी मिळाली, तोवर संशय कागदाच्या चकाकीपर्यंत पोचला होता. २४ एप्रिलला मेरठला ९० पैकी ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसे तर जुन्याच पद्धतीची होती.

भरणी चांगली की वाईट, हे निशाण्यावर ठरते. सर्व छिद्रांचा मध्यबिंदू काढायचा, त्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजायचे आणि सरासरी घ्यायची. एका नेमक्या गोळीवरून फुशारकी मारणाऱ्यांना ही पद्धत आवडत नाही. त्याच एप्रिलमध्ये इंग्लंडात हाइथ येथे ५०० यार्डांवर एन्फिल्डची सरासरी २.२४ फूट आली, व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफलीची ०.३७. तरीही सैन्याने व्हिटवर्थ सरसकट घेतली नाही. ती महाग होती आणि तिच्या ०.४५१ इंची नळीत काजळी लवकर तुंबे.