घेणाऱ्याचं दार

देणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. घेऊन नीट ठेवणाऱ्याची मात्र कोणी फारशी आठवण काढत नाही. मंडळाच्या दिवाळीला साठ घरांतून साठ डबे येतात, आणि तेही सगळे साडेसहाच्या ठोक्याला. हॉलचा ओटा एक, फ्रिज एक, आणि डबे घेऊन त्यांवर नावं चिकटवणाऱ्या बायका दोन. कोणाच्याही उदारपणात खोट नसते, तरी दाराशी अर्धा तास खोळंबा होतोच. कॉम्प्युटरच्या जगातही नेमकं असंच एक दार आहे. त्याच्याशी मी २००६ पासून अधूनमधून उभी राहत आले आहे, म्हणून त्याविषयी लिहिते.

आपल्या घरातला कॉम्प्युटर दिवसातला बराच वेळ नुसता बसून असतो. हा रिकामा वेळ शास्त्रज्ञांना वापरू द्यायचा, ही कल्पना लोकांपर्यंत पोचली ती ‘सेटी अॅट होम’मुळे. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींमध्ये कोणा परग्रहवासीयांची खूण सापडते का, हे शोधणारा हा बर्कलीचा प्रकल्प १७ मे १९९९ रोजी सुरू झाला. मोठ्या गणिताचे छोटे तुकडे करायचे, ते घरोघरी पाठवायचे आणि उत्तरं परत मागवायची, अशी त्याची रीत होती.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या माइल्स अॅलन यांनी ‘नेचर’मध्ये सुचवलं की हवामानबदलाचं भाकीतही असं घरोघरी करता येईल. त्यातून २००३ साली ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ सुरू झालं. ब्रिटनच्या हवामान खात्याचं, म्हणजे मेट ऑफिसचं मॉडेल घरच्या कॉम्प्युटरवर चालेल असं त्यांनी बसवलं. फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसीने प्रेक्षकांना यात सामील व्हायचं आवाहन केलं. १९२० ते २०८० अशी १६० वर्षांची पृथ्वी आपल्या कॉम्प्युटरवर चालवायची होती. एक मॉडेल पुरं व्हायला महिने लागत.

मी लगेच नाव नोंदवलं, त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. माझा भाऊ कलिन्याला राहतो. त्या रात्री फोन लागत नव्हता. इथे बीबीसीवर मिठी नदीचं पाणी दिसत होतं आणि मी रिसीव्हर कानाला लावून नुसती बसले होते. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी छातीभर पाण्यातून घरी पोचला. पुढे कोणी म्हटलं, ‘तुमच्या कॉम्प्युटरवर हवामानाचं काम करू द्याल का?’, तर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

हे मॉडेल मुंबईच्या पावसाबद्दल काही सांगणार नाही, हे मात्र मला लवकरच कळलं. त्याने पृथ्वीचे चौकोन पाडले होते. मुंबईच्या अक्षांशावर एक चौकोन साधारण २७५ किलोमीटर लांब आणि ३९० किलोमीटर रुंद. त्याच २६ जुलैला कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्ही मॉडेलच्या एकाच चौकोनात! तरीही हजारो लोकांनी थोडेथोडे आकडे बदलून तीच पृथ्वी पुन्हा पुन्हा चालवली, तर किती गोष्टी शक्य आहेत याचा आवाका कळतो. एकट्या मॉडेलला मोल नव्हतं. ते सगळे एका जागी जमा होण्याला होतं.

आणि जमा होण्याची जागा म्हणजे सर्व्हर.

ब्रॉडबँडची घडण मुळात घेणाऱ्यासाठी आहे. त्या काळी आमच्याकडे २ मेगाबिटचं कनेक्शन होतं, पण ते उतरवून घेण्यापुरतं. वर पाठवायला होते २५६ किलोबिट. १०० मेगाबाइटची फाइल पाठवायची तर जवळजवळ तासभर जाई, आणि महिन्याची मर्यादा वेगळी. मुलांचा गृहपाठ आणि ह्यांचं क्रिकेट आटोपलं की रात्री अकरानंतर माझी फाइल निघायची.

पलीकडचं गणित आणखी अवघड. समजा दहा हजार घरांतून प्रत्येकी १०० मेगाबाइट यायचे आहेत आणि सर्व्हरची लाइन १०० मेगाबिटची आहे. सगळे अगदी शिस्तीत एकामागून एक आले तरी २२ तास लागतील. आणि शिस्तीत कोण येतं? ‘सेटी’चा सर्व्हर अनेक वर्षं दर मंगळवारी डेटाबेसच्या साफसफाईसाठी बंद असे. तो उघडला की जगभरचे ताटकळलेले कॉम्प्युटर एकदम तुटून पडत आणि लाइन पुढे कितीतरी तास तुंबलेली राही. त्याच प्रकल्पाची दुसरी गंमत अशी, की पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीपासून बर्कलीपर्यंत एवढी माहिती पाठवायला पुरेशी लाइन नव्हती. म्हणून ती टेपवर भरून चक्क टपालाने जाई.

या गर्दीवर ‘बॉइंक’ने, म्हणजे असे बहुतेक प्रकल्प ज्यावर चालतात त्या प्रणालीने, काढलेला तोडगा मला फार आवडतो. सर्व्हर सापडला नाही तर तुमचा कॉम्प्युटर थोडं थांबतो. पुन्हा नाही सापडला तर त्याहून जास्त थांबतो, असं करत काही तासांपर्यंत. शिवाय प्रत्येकाचं थांबणं मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं, म्हणजे दार उघडल्यावर सगळे एकाच क्षणी धावत नाहीत. झालेलं काम तोवर तुमच्याच डिस्कवर सुखरूप राहतं. दार बंद असणारच, हे धरूनच सगळी रचना केलेली आहे.

अडचण असते ती माणसांची. पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं बटण असतं, आणि आपण लिफ्टचं बटण दाबतो तसं ते दाबत राहतो. प्रत्येक दाबण्याने त्या बिचाऱ्या सर्व्हरच्या दारावर आणखी एक थाप पडते.

एका नाताळात मी ज्या प्रकल्पासाठी काम करत होते, त्याचा अपलोड सर्व्हर बंद पडला. नाव घेत नाही. डिस्क भरली होती, आणि ती बघायला सुट्टीत कोण असणार? दोन आठवडे उलटले. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर पुऱ्या झालेल्या कामाचे गठ्ठे साचत गेले. नेमका तोच कॉम्प्युटर नव्या वर्षात चॅरिटीच्या दुकानात द्यायचं घरात ठरलं होतं. पंखा घरघरत होता. ह्यांनी विचारलं, “ज्यांना ते न्यायला सवड नाही, त्यांच्यासाठी तू कशाला जपून ठेवतेस?” प्रश्न रास्त होता. फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, हे आपण मंडळाच्या कामातही अनुभवलं आहेच.

मी नवीन काम घेणं बंद केलं, डिस्कवर जागा किती उरली ते पाहिलं, त्या बटणाला हात लावला नाही आणि कॉम्प्युटर तसाच राहू दिला. प्रकल्पाने मुदत वाढवली. जानेवारीच्या मध्याला एका रात्री पहिली फाइल गेली. सगळं जायला तीन रात्री लागल्या. त्यानंतर तो कॉम्प्युटर दुकानात गेला.

त्या पंधरवड्यात ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. लाखभर लोक आपले कॉम्प्युटर देतात, पण सर्व्हर सांभाळणारी माणसं मोजून चार-पाच. संशोधनाला निधी मिळतो. डिस्क बदलणाऱ्याच्या पगाराला मिळेलच असं नाही. अशा वेळी देणाऱ्याने आपलं काम धरून थांबणं हाही देण्याचाच भाग आहे. फक्त त्याचे गुण कुठे मांडले जात नाहीत.

थांबण्यालाही मर्यादा असते, हे मान्य. ऑक्टोबर २०२२ मध्ये विजेचं युनिट ३४ पेन्सवर गेलं. १०० वॅट खाणारा कॉम्प्युटर अहोरात्र चालवला तर वर्षाला जवळजवळ ३०० पौंड! ‘हिवाळ्यात तेवढीच खोली गरम होते’ हा आमचा जुना युक्तिवादही टिकेना, कारण गॅसचं युनिट १० पेन्सच्या आसपास होतं. तेव्हापासून मी दिवसाचे ठरावीक तासच देते.

आणि भावाने विचारलं, “तुझ्या त्या पृथ्वीचं पुढे काय झालं?”, तर सांगायला काहीतरी आहे. २००० सालच्या शरद ऋतूत इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठे पूर आले होते. असेच घरोघरी चाललेले हजारो हिशेब जमवून ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, की माणसाने सोडलेल्या वायूंमुळे त्या पुराचा धोका वाढला होता. दहातल्या नऊ हिशेबांत ती वाढ २० टक्क्यांहून जास्त निघाली. एका विशिष्ट पुराबद्दल असं आकड्यांत बोलता येणं तेव्हा नवं होतं. त्यात माझी एखादी फाइल होती की नाही, कोण जाणे. पण कुठल्यातरी रात्री कुणाची तरी फाइल बंद दारापुढे थांबलेली असणार, आणि तिच्या मालकाने ती पुसून टाकली नाही.

भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “बरं, आता मिठीचं पण बघा म्हणावं.”